पुरवठा साखळी व्यवस्थापनाच्या पदवीवर ग्रॅज्युएट सर्टिफिकेट जोडण्याचा उपयोग होतो का?

आपण विचारले आहे की, पुरवठा साखळी व्यवस्थापनाची पदवी हाती आहे, नोकरीला दीड वर्ष झाले आहे, पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी सवड नाही. अशा वेळी एखादे ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, म्हणजे पदवीनंतरचा मोजक्या विषयांचा छोटा विद्यापीठीय अभ्यासक्रम, जोडण्याने पगारात आणि कामात फरक पडेल, की तो ‘आणखी एक कागद’ ठरेल? शेवटचे तीन शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसले, कारण तेच शब्द मला माझ्या विभागप्रमुखांनी भर बैठकीत ऐकवले होते आणि त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नव्हते.

माझे मत आधी सांगते. पदवीच्याच नावाचे सर्टिफिकेट घेऊ नये. ‘पुरवठा साखळी’ या नावाने चालणारे बहुतेक सर्टिफिकेट अभ्यासक्रम दुसऱ्या शाखांतून या क्षेत्रात येणाऱ्यांना समोर ठेवून आखलेले असतात, त्यामुळे त्यांत पुन्हा तेच ईओक्यू (एका वेळी किती माल मागवणे स्वस्त पडते याचे सूत्र), तोच बुलव्हिप परिणाम (ग्राहकाच्या मागणीतला छोटा बदल साखळीत मागे जाताना मोठा होत जाणे) आणि तो दाखवणारा वर्गातला खेळ, तोच बिअर गेम येतो. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले ईओक्यूचे सूत्र दुसऱ्यांदा शिकण्यासाठी फी भरण्याचे काही कारण नाही. पदवीत जो विषय एका पेपरात उरकला गेला, त्याचे सर्टिफिकेट करावे. माझ्या बाबतीत तो विषय संख्याशास्त्र आणि डेटा विश्लेषण हा होता.

मी तेव्हा प्लॅनर होते आणि बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांचे नियोजन माझ्याकडे होते. त्यांतला एक भाग सारखा संपत असे. त्याचा रोजचा सरासरी खप १०० नग, खपाचे प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, २० नग आणि लीड टाइम, म्हणजे मागणीपासून माल हाती येईपर्यंतचा काळ, १६ दिवस. ९५ टक्के सेवापातळी, म्हणजे शंभरांत ९५ वेळा माल कमी पडू नये असे धरून मी सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, काढला होता : १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्रीय गुणक) गुणिले २० गुणिले १६ चे वर्गमूळ, म्हणजे १३२ नग. गणित बरोबर होते, तरीही तीन महिन्यांत दोनदा लाइन थांबली आणि दोन्ही वेळा दोष नियोजनावर आला.

लीड टाइममधला चढउतार धरणारे पूर्ण सूत्र मला ठाऊक नव्हते असे नाही. परीक्षेत ते सोडवून मी गुणही मिळवले होते. परंतु ईआरपीचा, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अहवाल सांगत होता की हा पुरवठादार कबूल केलेल्या तारखेलाच माल देतो. ऑर्डर वर्षभराच्या कराराखाली आधीच दिलेल्या असल्यामुळे ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख यांतील अंतर मोजूनही काही हाती लागत नसे. सगळी भिस्त त्या कबूल तारखेवर होती. अहवालात चढउतार शून्य दिसत असेल, तर सूत्रातले ते पदही शून्यच होणार.

याच सुमारास मी डेटा विश्लेषणाच्या सर्टिफिकेटसाठी संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागले होते. चौथ्या विषयात स्वतःच्या कामाच्या ठिकाणचा डेटा घेऊन प्रकल्प करायचा होता आणि शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट मागितली : डेटातल्या प्रत्येक रकान्यासमोर तो कोण भरतो, केव्हा भरतो आणि नंतर बदलतो का, हे लिहून आणा. ‘कबूल तारीख’ या रकान्यासमोर काय लिहावे हे मला सांगता येईना, म्हणून मी खरेदी विभागातल्या एका सहकाऱ्याच्या शेजारी अर्धा दिवस खुर्ची टाकून बसले. पुरवठादाराचा फोन आला की माल चार दिवस उशिरा येईल. सहकाऱ्याने ऑर्डरची ओळ उघडली, जुनी तारीख खोडली, नवी भरली आणि ओळ सेव्ह केली. हे सगळे अर्ध्या मिनिटात झाले. माल त्या नव्या तारखेला आला आणि अहवालात ‘वेळेवर’ अशी नोंद झाली. त्यात त्यांची काही लबाडी नव्हती. उत्पादन विभागाला खरी तारीख दिसावी म्हणूनच ते ती बदलत होते. मात्र उशिराचा मागमूस दर वेळी जुन्या तारखेबरोबर पुसला जात होता.

सिस्टिममध्ये बदलांचा इतिहास वेगळा साठत होता आणि तो कोणीच उघडून पाहत नसे. मी त्यातून मूळ तारखा बाहेर काढल्या, त्या माल आल्याच्या तारखांशी ताडून पाहिल्या आणि लीड टाइमचे प्रमाण विचलन ४ दिवस निघाले. आता पूर्ण सूत्र वापरता येत होते : १६ गुणिले २० चा वर्ग म्हणजे ६,४००, अधिक १०० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग म्हणजे १,६०,०००, बेरजेचे वर्गमूळ सुमारे ४०८ आणि १.६५ ने गुणल्यावर ६७३ नग. मी १३२ नग ठेवत होते, गरज पाचपट होती. त्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहावे : खपातल्या चढउताराचा वाटा ६,४००, पुरवठादाराच्या उशिराचा १,६०,०००. आम्ही सगळे वर्षभर विक्रीचा अंदाज सुधारण्यामागे लागलो होतो.

हे बैठकीत मांडल्यावर विभागप्रमुख म्हणाले, “हे सूत्र तर तुमच्या पदवीतच होते. मग त्या सर्टिफिकेटने काय दिले? आणखी एक कागद.” मी गप्प बसले, कारण सूत्र पदवीतलेच आहे हे खरे होते. पदवीच्या परीक्षेत ‘लीड टाइमचे प्रमाण विचलन ४ दिवस’ हे उदाहरणात दिलेले असते. कामावर तो ४ कोणी देत नाही, तो शोधून काढावा लागतो आणि शोधण्याची ती पद्धत मला सर्टिफिकेटच्या वर्गात मिळाली. हे उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले. पुढे खरेदी विभागाने मूळ तारखेसाठी वेगळा रकाना केला, तो न पुसण्याचे ठरले आणि पुरवठादारासमोर त्याचाच खरा उशीर ठेवता येऊ लागला. वर्षभरात विचलन ४ वरून २ दिवसांवर आले आणि सेफ्टी स्टॉक ६७३ वरून ३५५ नगांवर उतरला.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना मी एकच कसोटी लावेन : स्वतःच्या कामातला डेटा घेऊन करायचा प्रकल्प त्यात आहे का. तो नसेल तर विषय कितीही आकर्षक असला तरी पैसे घालू नयेत. आपले काम खरेदीचे असेल तर करार आणि वाटाघाटी, आयात-निर्यातीचे असेल तर सीमाशुल्क आणि व्यापार नियम, हेही विषय चांगले आहेत, परंतु त्यांबद्दल मी अनुभवाने बोलू शकत नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. विद्यापीठाचे सर्टिफिकेट आणि व्यावसायिक संस्थेचे प्रमाणन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी एपीआयसीएस या नावाने ओळखली जाणारी आणि आता एएससीएम झालेली पुरवठा साखळी क्षेत्रातली व्यावसायिक संस्था १९७३ पासून सीपीआयएम (उत्पादन आणि साठ्याच्या नियोजनाचे) आणि २००६ पासून सीएससीपी (संपूर्ण पुरवठा साखळीचे) हे प्रमाणन देते. ते परीक्षेवर मिळते आणि टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७५ गुणांकांइतके शिक्षण किंवा काम दाखवावे लागते. नोकरीच्या जाहिरातीत सीपीआयएम मागितले असेल तर ग्रॅज्युएट सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही. शिवाय सर्टिफिकेट या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो : अमेरिकेत ते साधारण १२ ते १८ क्रेडिटचे, म्हणजे चार ते सहा विषयांचे असते, तर ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत ते आठव्या स्तरावर, मास्टर्सच्या एक पायरी खाली बसते.

पगाराचे विचारले आहे म्हणून सांगते : मला त्या वर्षी एक पैशाचीही वाढ मिळाली नाही. दोन वर्षांनी नोकरी बदलताना मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या पुसलेल्या तारखांच्या प्रकल्पावर बोलण्यात गेला आणि सर्टिफिकेटचे नाव शेवटी, उठता उठता विचारले गेले.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्या पदवीत संख्याशास्त्राचे तीन-चार पेपर भक्कम झाले असतील, तर माझी निवड आपल्याला लागू होत नाही. पुढे मास्टर्स करण्याचा विचार असेल, तर हे क्रेडिट त्यात किती धरले जातील आणि किती वर्षांपर्यंत धरले जातील, हे प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. मी तोंडी आश्वासनावर विसंबले. माझ्या पाच विषयांपैकी तीनच पुढे धरले गेले, आणि ज्या दोन विषयांचे क्रेडिट गेले त्यांत तो चौथा विषय होता.