सुई टोचण्याआधी विचारा

प्रश्न : विशीतला एक मुलगा दाढ ठणकते म्हणून वडिलांबरोबर आला. पुढचे दात हिरडीलगत काळे पडून पोखरलेले, तोंड कोरडं ठक्क. एक्स-रे नको, दाढ उघडायला नको. ‘ट्रामाडॉल लिहून द्या, बाकी गोळ्या मला लागू पडत नाहीत,’ एवढंच. नशा करत असेल का? वडिलांना सांगू का?
– एक दंतवैद्य, सातारा जिल्हा

उत्तर : नुसत्या दातांवरून शिक्का मारू नका. एमडी (मेफेड्रोन) या उत्तेजक नशेसारख्या पदार्थांनी लाळ आटते, जबडा आवळतो, माणूस रात्रभर दात खातो. दाढांचे माथे सपाट झालेत का, बघा. पण दिवसभर कोल्ड्रिंक पिणाऱ्याचे किंवा मनोविकाराच्या गोळ्या चालू असणाऱ्याचेही दात असे दिसू शकतात. (आपल्याकडे मावा खाऊन तोंड न उघडणारे इतके येतात, की दुसऱ्या नशेकडे लक्षच जात नाही.)

मला जास्त खटकतं ते औषधाचं नाव सांगून इलाज टाळणं. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक २०१८पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. त्याची सवय लागलेल्याला ते मिळालं नाही, की जांभया येतात, नाक गळतं, अंगावर काटा उभा राहतो.

वडिलांना बाहेर बसवा, नाडी आणि बीपी बघा. मी सरळ म्हणतो, “भूल देतो त्यात ॲड्रिनलिन असतं. कालपासून एमडी, कोकेन असलं काही घेतलं असशील तर हृदयाला धोका आहे. मला पोलिसांशी घेणंदेणं नाही, खरं सांग.” उपदेश केला की पोरं गप्प बसतात, सुईचं कारण दिलं की बहुतेक बोलतात. ‘हो’ म्हणाला तर किमान चोवीस तास थांबा. सूज किंवा ताप असेल तर मात्र थांबू नका, रुग्णालयात पाठवा.

पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नसेल तर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून दाढदुखीला भारी पडतात. गोळ्या मोजक्याच द्या, आकडा अक्षरातही लिहा. एकाचे अकरा सहज होतात.

मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय वडिलांना सांगू नका. त्याला १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन लिहून द्या, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सांगा. आणि रूट कॅनॉलची तारीख तिथल्या तिथे ठरवा. व्यसनासाठी तो कुणाकडे जाईल न जाईल, दाढेसाठी तुमच्याकडे येईल.