लिलाव चालू असताना नवी आवृत्ती कशी चढवायची?

प्रश्न : लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आमचे वेब ॲप टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालते. ‘रिलोडेबल’ ही सेटिंग चालू ठेवली, की नवे क्लास (प्रोग्रामचे तुकडे) टाकल्यावर सर्व्हर बंद करावा लागत नाही. मात्र आठ-दहा वेळा असे झाले, की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी मेमरी) संपल्याची एरर येऊन सर्व्हर बसतो. मर्यादा वाढवावी का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नको, दुखणे फक्त पुढे ढकलले जाईल. रिलोड करताना टॉमकॅट एकेक क्लास बदलत नाही; ॲपचा अख्खा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) टाकून नवा उभा करतो. जुन्यातले एखादे ऑब्जेक्ट जरी बाहेर कुणी धरून ठेवले, तरी त्याचे सगळेच क्लास मेमरीत अडकतात. धरून ठेवणारा बहुधा तुमच्याच ॲपने सुरू केलेला आणि बंद न केलेला थ्रेड (समांतर चालणारे काम) किंवा टायमर असतो, नाहीतर रिकामा न केलेला थ्रेडलोकल (एकेका थ्रेडपुरती साठवलेली माहिती). रिलोडनंतरचा लॉग वाचा, टॉमकॅट अशा थ्रेडचे नाव छापतो. तो कॉन्टेक्स्ट लिसनरच्या ‘कॉन्टेक्स्ट डिस्ट्रॉइड’मध्ये, म्हणजे ॲप बंद होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, बंद करा. टॉमकॅटच्या मॅनेजर पानावरचे ‘फाइंड लीक्स’ बटणही गळती दाखवते, पण ते पूर्ण गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी मेमरीची सफाई) करवते, त्यात ॲप थबकू शकते. लिलावाच्या वेळी दाबू नका.

खऱ्या सर्व्हरवर ‘रिलोडेबल’ बंदच हवे. टॉमकॅट ७ पासून समांतर डिप्लॉयमेंटची, म्हणजे दोन आवृत्त्या एकाच वेळी चालवण्याची, सोय आहे. वॉर फाइलच्या (ॲपच्या गठ्ठा फाइलच्या) नावानंतर दोन हॅश (##) आणि आवृत्ती लिहा : ००१, मग ००२. आधीपासून लॉगिन असलेले जुन्या आवृत्तीवरच राहतात, नवे सेशन नव्या आवृत्तीवर जाते. टॉमकॅटच्या ‘होस्ट’ सेटिंगमध्ये ‘अनडिप्लॉय ओल्ड व्हर्जन्स’ चालू असेल, तर सेशन संपल्यावर जुनी आपोआप निघते. आवृत्त्यांची तुलना अक्षरांप्रमाणे होते, म्हणजे नुसते १० हे २ च्या मागे पडते. शून्ये लावायची ती त्यासाठी. दोन्ही आवृत्त्या काही काळ एकाच डेटाबेसवर चालतात, तेव्हा जुनीला लागणारा कॉलम लगेच काढू नका. मेमरीही दोघींना पुरेल इतकी ठेवा.

प्रश्न : जावा प्रोग्राम डीबग मोडमध्ये (चुका शोधताना) चालवला, की मेथडच्या आतला बदल लगेच लागू होतो, नवी मेथड घातली की नाही. असे का?
– एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : नेहमीच्या जेव्हीएमचे (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचे) हॉटस्वॅप, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये कोड बदलण्याची सोय, फक्त मेथडचा आतला भाग बदलू देते, नवी फील्ड किंवा मेथड घालता येत नाही. जेटब्रेन्स रनटाइम १७ या जेटब्रेन्स कंपनीच्या जेव्हीएममध्ये ‘अलाऊ एनहान्स्ड क्लास रिडेफिनिशन’ हा पर्याय चालू केला, की तेही जमते. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची कॉन्फिगरेशन ताजी व्हायला मात्र सोबत हॉटस्वॅप एजंट हे साधन लागेल.