कड सोडू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री दोनदा वाचला. रग्बीच्या पाच सामन्यांत चेंडू तीनदा हातात आला, बाकी वेळ विंगवर, मैदानाच्या कडेच्या टचलाइनपाशी नुसती उभी, आणि आता सरांना सांगून तुला मधे, सेंटरला जायचंय. 'विंगवर माझी कुणाला गरजच नाही काका,' असं लिहिलंयस. तू पळतेस किती छान वगैरे मी लिहीत बसत नाही. ते तुला माहीत आहे. सरळ सांगतो, कड सोडू नकोस.

आमच्या इंग्लंडातल्या हडर्सफील्डला अल्बर्ट रोझेनफेल्ड नावाचा विंगर होऊन गेला. मूळचा सिडनीचा, शिंप्याचा मुलगा, उंचीने जेमतेम साडेपाच फूट. १९०८ साली तिकडे ईस्टर्न सबर्ब्स संघाकडून खेळायचा तो मधेच, तुला हव्या असलेल्या भागात. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या दौऱ्याबरोबर इंग्लंडला आला, १९०९ ला हडर्सफील्डने त्याला घेतलं आणि कडेला उभं केलं. मधून कडेला, हे नीट वाच. १९११-१२ च्या हंगामात त्याने चेंडू पलीकडच्या रेषेमागे टेकवून ७८ ट्राय केले, १९१३-१४ मध्ये ८०. शंभरावर वर्षं उलटली, एका हंगामातल्या त्या ८० पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

रग्बीचे प्रकार दोन; तो खेळ लीगचा, तुझा युनियनचा. पण कड तीच. १९०६ साली लीगवाल्यांनी एका बाजूचे गडी पंधरावरून तेरा केले, मैदान मोकळं झालं. कप्तान हॅरल्ड वॅगस्टाफच्या त्या हडर्सफील्ड संघाने या मोकळ्या जागेचं सोनं केलं. मधल्याने समोरच्याला अंगावर ओढायचं आणि तो आला की चेंडू बाहेर सोडायचा. बाहेर कुणी असेल तर! विंगर कडेला आहे म्हणून समोरच्यांना पांगून उभं राहावं लागतं, म्हणून मधे फट पडते. चेंडू येत नाही तेव्हाही तू खेळतच असतेस बाळ. आणि पास मागेच द्यायचा असल्यामुळे तू चार पावलं मागे राहून भरधाव त्यावर यायचं. जागच्या जागी घेतलेला चेंडू विंगरच्या उपयोगाचा नाही. कबड्डीत कोपरा धरणारा कंटाळून मधे सरकला की चढाईवाला काय करतो, ते तू कोल्हापुरात शेंबडी असल्यापासून बघतेयस. मग हे तुला मी का सांगावं लागतं?

सांगावं लागतं, कारण मीही सरकलो होतो. बावीस वर्षांचा होतो, इथल्या एका छोट्या संघात विंगला. नोव्हेंबरचा शनिवार, बोटं बाह्यांत ओढून घेतलेली, तासभर चेंडूचा स्पर्श नाही. शेवटी वैतागून आत शिरलो. त्याच क्षणी चेंडू ओळीने हातोहात बाहेर आला. शेवटच्याने न बघताच टाकला, कारण तिथे मी असणार याची त्याला खात्री होती. ओल्या गवतावर चेंडूचे दोन टप्पे पडले, चुन्याची रेघ ओलांडून तो बाहेर गेला. पुढे कोपऱ्यापर्यंत एकही माणूस नव्हता. दोन गुणांनी हरलो. पुढच्या शनिवारी माझं नाव यादीत नव्हतं, आणि मी रागाने खेळच सोडला.

मला कारण होतं. आठवडाभर गिरणीत रात्रपाळी, त्यात आमचा सेंटर सगळं स्वतःच करायला बघायचा, आणि समजावून सांगणारं कुणी नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण त्या दिवशी पास आला होता आणि मी तिथे नव्हतो. पुढे वीस वर्षं मुलांना शिकवलं, एकाही विंगरला आत येऊ दिलं नाही. हेकट म्हणाले मला. म्हणू देत. मी बरोबर होतो.

आता बाबांचा प्रश्न, 'खेळून पुढे काय?' १९१४-१५ ला रोझेनफेल्डच्या संघाने चारही चषक जिंकले. पहिलं महायुद्ध तोवर सुरू झालेलं. त्याला मेसोपोटेमियात पाठवलं, जिथे आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. परत येऊन १९२४ पर्यंत तो खेळला, आणि नंतर याच गावात नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम केलं. लोक हे हळहळत सांगतात, तेव्हा मला राग येतो. अगं, हा लीगचा खेळच मुळी १८९५ साली याच गावच्या जॉर्ज हॉटेलात जन्मला, तो गिरण्या-खाणींतल्या माणसांची शनिवारची मजुरी बुडते म्हणून! पोटाचं काम वेगळं करायचं, हे इथे कुणाला नवीन नव्हतं. त्याने इथलीच मुलगी केली, इथेच राहिला, १९७० ला इथेच गेला. मी आलो तेव्हा त्याला खेळताना पाहिलेले म्हातारे फारटाउनच्या, म्हणजे संघाच्या जुन्या मैदानाच्या, पायऱ्यांवर बसायचे. नाव काढलं की त्यांचा हात आपोआप मैदानाच्या कडेकडे जायचा.

तेव्हा नोकरीचा अर्ज भर, बाबांना शांत कर. सरांना मात्र काही सांगायला जाऊ नकोस. सांगायचंच असेल तर तुझ्या सेंटरला सांग. सरावानंतर अर्धा तास थांबवून घे तिला, दोघीच पास करा, अंधार पडेपर्यंत. ती न बघता टाकायला लागली पाहिजे.

रविवारचा सामना झाला की लिही. ट्राय किती झाले ते नको. चेंडू कडेला किती वेळा आला आणि त्यातल्या किती वेळा तू तिथे होतीस, तेवढे दोन आकडे कळव.

तुझा,
काका