पानं मोजलीस का?

प्रिय बेटा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे कूलरची घरघर होती, निम्मं ऐकूच आलं नाही. इतवारीतल्या त्या ऑफिसात मे महिन्यात तू काम कसं करतेस, देव जाणे. पण एवढं कळलं: ॲक्सेसमधून, म्हणजे तुमच्या त्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसातून, दर व्यापाऱ्याच्या खातेउताऱ्याची पीडीएफ निघते, तिला स्कॅन केलेल्या पावत्या जोडायच्या, कोड एरर देत नाही, आणि तरी एखादी पावती गायब. "काका, कोड तर बरोबर आहे ना?" म्हणालीस, तेव्हा मी जरा तुटकच बोललो. मला कोडचं काही विचारायचंच नव्हतं. पानं मोजलीस का?

माझं ऐक. पूर्वी सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांसाठी मी असंच काम करायचो. याचिकेला परिशिष्टं जोडायची. मी शहाण्यानं विंडोजच्या कॉपी कमांडनं फाइली एकापुढे एक चिकटवल्या. साइजची बेरीज तंतोतंत जुळली, म्हणून उघडून न बघता पाठवून दिल्या. पीडीएफमधली कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे याची यादी फाइलच्या शेवटी असते आणि वाचणारा प्रोग्राम तिथूनच सुरुवात करतो. चिकटवलेल्या फाइलच्या शेवटी यादी होती ती शेवटच्या परिशिष्टाची, म्हणून त्याला फक्त तेवढंच दिसलं. वकीलसाहेब एक शब्द बोलले नाहीत. पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मी मात्र बरीच वर्षं सांगत फिरलो की ते काम मीच सोडलं.

म्हणून मी पानं मोजतो. लोक हसतात, हसू दे.

आता तुझं. ॲक्सेसला रिपोर्टची पीडीएफ काढता येते, पण पीडीएफ जोडता येत नाहीत, म्हणून तू क्यूपीडीएफ हा पीडीएफ जोडणारा वेगळा प्रोग्राम बोलावतेस. ठीक. पण तुझ्या कोडमधली ती 'शेल' कमांडची ओळ प्रोग्राम सुरू करते आणि वाट न बघता पुढे पळते. तोवर तू तात्पुरत्या फाइली पुसून मोकळी! जोडणी फसते, पण आधी बनलेली जुनी फाइल जागेवर तशीच असते. मग तीच उघडून तू नवी पावती शोधत बसतेस. त्याऐवजी विंडोजच्या डब्ल्यूस्क्रिप्ट शेलचं 'रन' वापर, तिसरा पॅरामीटर ट्रू दे, म्हणजे 'काम संपेपर्यंत थांब'. मग ते थांबतं आणि क्यूपीडीएफच्या निकालाचा आकडाही परत देतं: 0 म्हणजे जमलं, 2 म्हणजे चूक, 3 म्हणजे जमलं पण काहीतरी खटकलंय. जोडणीआधी जुनी फाइल पुसून टाक. आणि ते 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे चूक झाली तरी गुपचूप पुढे जा, हे कोणी शिकवलं तुला? आजच काढ.

एवढं केलंस तरी पानं मोज. क्यूपीडीएफला नुसती पानसंख्याही विचारता येते. पण बघ, बेरीज फोल्डरात सापडलेल्या फाइलींची करू नकोस. जी फाइल सापडलीच नाही ती बेरजेतही नसणार, आणि दोन्ही आकडे खुशाल जुळतील. पावती स्कॅन करतानाच तिची पानं टेबलात लिही, जोडणीनंतरचा आकडा शेजारच्या रकान्यात टाक. फरक पडला तर फाइल बाहेर जाणार नाही. मालक ओरडले तरी नाही. उशीर झाला तर माझं नाव सांग.

हे जास्त होतंय असं वाटेल तुला. माझ्या मुलालाही वाटतं. पण त्यानं कधी कोणाच्या टेबलासमोर मान खाली घालून उभं राहून पाहिलेलं नाही.

बरं, तुझ्या पावत्यांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत का? व्हीबीएचं, म्हणजे ॲक्सेसमधल्या कोडच्या भाषेचं, फाइली शोधणारं 'डिर' देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं देतं, मग ती फाइल पुढे सापडतच नाही. माझ्या फाइलींना मी नुसते क्रमांक देतो, तेही 0001 असे, नाहीतर 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो.

रविवारी सकाळी ये, काकू तर्री-पोहे करणार आहे. लॅपटॉप आण. आणि त्या गायब पावतीच्या फाइलचं नाव मला आजच कळव, जसंच्या तसं.

तुझा काका