पेटी कोणाच्या घरी राहते?

प्रिय चिरंजीव,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. पाळक म्हणून पहिल्याच नेमणुकीत मुख्य मंडळीबरोबर, म्हणजे मुख्य चर्चबरोबर, पाच खेडी तुझ्याकडे आली आहेत, रविवारी सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी उपासना घेऊनही बाकीची गावे राहूनच जातात, आणि पुढे होऊन जबाबदारी घेईल असे मंडळीत कोणी दिसत नाही, असे तू लिहितोस. यातल्या शेवटच्या वाक्याबद्दल मला शंका आहे. कोणी दिसत नाही, कारण पुष्कळदा पाळकानेच सगळी जागा व्यापलेली असते. हे मी दुसऱ्या कोणाबद्दल नव्हे, स्वतःबद्दल सांगतो आहे.

माझ्या दुसऱ्या नेमणुकीतल्या एका खेड्यात मंडळीची चांगली पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. मुले भाता फाडतील, पट्ट्या मोडतील, या भीतीने मी ती माझ्या घरी ठेवून घेतली आणि बुधवारच्या प्रार्थनासभेला जाताना मोटारसायकलच्या मागे बांधून नेऊ लागलो. गाणे मी काढायचे, पेटी मी वाजवायची, शास्त्रपाठ मी वाचायचा, प्रार्थनाही मीच करायची. लोक खूश होते आणि खरे सांगायचे तर मीही खूश होतो. सहा वर्षांनी बदली झाली तेव्हा पेटी गावाच्या स्वाधीन केली. पुढे दोन वर्षांनी एका लग्नासाठी तिथे गेलो, तर पेटी एका घराच्या माळ्यावर पडलेली, भात्याला उंदरांनी भोके पाडलेली, आणि बुधवारची सभा माझ्या मागे चार महिन्यांतच बंद झालेली. नव्या पाळकाला दोष देणे सोपे होते आणि काही जणांनी तो माझ्यासमोर दिलाही. परंतु सहा वर्षांत एकाही मुलाचे बोट मी त्या पट्टीवर ठेवू दिले नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते.

आपल्या भागाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू केले आणि हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ साली. या दोन तारखांमधल्या तेवीस वर्षांत किती शिकवणे आणि किती वाट पाहणे झाले असेल, याचा विचार केला की सहा महिन्यांचे शिबिर घेऊन पुढारी तयार करू पाहणाऱ्यांची घाई मला कळेनाशी होते. खेड्यांतला भार पुढे मोठ्या प्रमाणावर मिशनच्या शाळामास्तरांनी उचलला. आठवडाभर पाटीवर बाराखडी गिरवून घेणारा माणूसच रविवारी उपासना चालवत असे, आणि घरोघरच्या बायकांपर्यंत बायबल वाचून सांगणाऱ्या बायबलबाई पोहोचत. शाळा बंद पडल्या किंवा दुसऱ्यांच्या हाती गेल्या तसा गावातला मास्तरही गेला, आणि त्याची रविवारची जागा कोणी भरायची हे विचारायचे मात्र राहून गेले. तुझी रविवारची धावपळ त्या रिकाम्या जागेतून आलेली आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला आणि १९१९ साली ते वारले. दरबार त्यांच्या व्यक्तित्वाभोवती उभा होता, त्यामुळे तो त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र आजही आपल्या मंडळ्यांत म्हटली जातात, कारण ती त्यांनी लोकांच्या तोंडी दिली होती. पेटीच्या प्रकरणानंतर ही गोष्ट मला नीट समजली.

आता माणसे कशी ओळखावीत याविषयी. ‘पुढारी’ हा शब्द निवडणुकीच्या फलकांवर इतका मळला आहे की मंडळीत तो वापरायला मला संकोच वाटतो. कमिटीची निवडणूक जिंकणारा आणि लोकांच्या आत्म्याची काळजी वाहणारा हे कधीकधी एकच असतात, नेहमी नसतात. आणि माइक हातात आला की ज्याला तो सोडवत नाही, त्याच्याबद्दल जरा थांबूनच निर्णय घे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची आबाळ होत होती, म्हणून सात जण निवडले गेले, आणि त्या सातांची नावे वाचलीस तर सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूची माणसे मंडळीने नेमली असे दिसते. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आपण कटकट्या म्हणून बाजूला सारतो. माझा अनुभव असा की त्यांतल्या निम्म्यांना काम दिले असते तर तक्रारी आपोआप कमी झाल्या असत्या.

तुझ्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे, की दिवाळीनंतर दोन गावांतली बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उपासनेला म्हातारी माणसे व लहान मुलेच उरतात. या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. पाच-सहा महिने ही माणसे कारखान्याच्या कोप्यांवर राहणार, पहाटे अंधारात फडात उतरणार, आणि तिथे मूल आजारी पडले किंवा उचलीवरून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, मुकादमाशी वाद झाला तर तू पन्नास कोसांवर असणार. त्या टोळीत संध्याकाळी दहा माणसांना एकत्र बसवून एक गाणे आणि एक प्रार्थना करणारा कोण आहे, हे शोध. तो कमिटीवर नसेल, कदाचित ती बाई असेल आणि तिला वाचता येत नसेल. अशी एक बाई मला ठाऊक होती. तिला अक्षर येत नव्हते, पण कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे ती क्रमाने सांगे आणि प्रार्थनेत एकही नाव गाळत नसे. माझ्या वहीतली नावे मात्र गळत. अपुल्लोससारख्या शास्त्रात प्रवीण वक्त्याला अक्विल्लाच्या जोडीने प्रिस्किल्लेने अधिक नीट समजावून सांगितले, हे वचन आपण वाचतो आणि वडीलजनांच्या यादीत मात्र पुरुषांचीच नावे घालतो.

शिकवण्याची पद्धत साधी आहे. आजाऱ्याला भेटायला एकट्याने जाऊ नकोस. पहिल्यांदा सोबतीने तुझे ऐकावे, पुढे त्याने शास्त्रपाठ वाचावा, त्यापुढे प्रार्थना त्याने करावी आणि तू डोळे मिटून गप्प बसावे. हे गप्प बसणे सगळ्यांत अवघड जाते. तो अडखळेल, चुकीचे वचन काढेल. लोकांसमोर दुरुस्त करू नकोस, परतताना रस्त्यात सांग. अर्पणाचे पैसे मात्र पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून मोजावेत आणि वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. इथे विश्वासाच्या नावाखाली सूट देऊ नकोस, कारण पैशावरून गेलेली माणसे परत येत नाहीत.

काही जण अर्ध्यातून सोडूनही जातील. प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्या सोबतीला गेलेला योहान मार्क पंफुल्यातून परतला, म्हणून पौलाने त्याला पुढच्या फेरीला नाकारले आणि त्यावरून बर्णबाशी त्याची ताटातूट झाली. तरी पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असे पौलच लिहितो. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याला हाताशी धरले होते. माझ्या हातून असे दोन तरुण सुटले, आणि दोन्ही वेळा मी पौलासारखा वागलो. बर्णबा व्हायला मला फार उशीर झाला.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येण्याचा विचार आहे. बुधवारची सभा असेल त्या दिवशीच येईन. मला बोलायला उभे करू नकोस. सभा गावातल्या कोणीतरी चालवावी, आपण दोघे मागे सतरंजीवर बसू. आणि तुमच्या मंडळीत पेटी असेल, तर ती सध्या कोणाच्या घरी राहते ते कळव.

सर्वांना सलाम सांग.

तुझा,
प्रभूच्या सेवेतून निवृत्त झालेला एक पाळक