पीएच.डी.च्या मुलाखतीला जाताना सिगारेटच्या सवयीचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात एम.एस्सी. झाली, पुढच्या महिन्यात पीएच.डी.साठी आधी पुण्याला आणि मग बंगळूरला मुलाखती आहेत, दोन्हीकडे दीड-दोन दिवस कॅम्पसवरच राहायचं आहे आणि दिवसाला आठ-दहा सिगारेटी लागतात. गाडीत बसल्यापासून बंद करावी, की तिथे मधूनमधून बाहेर जाऊन ओढून यावी, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही करू नका. मी एकाच मुलाखतीत दोन्ही केलं होतं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

मीही इथलीच, विषय जीवरसायनशास्त्र. तेव्हा बजाजनगरात मैत्रिणीसोबत खोली होती आणि सिगारेट गच्चीवर, अंधार पडल्यावर. पानठेल्यावर उभं राहून ओढायची सोय मुलीला नाही, ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. पहिली मुलाखत दक्षिणेतल्या एका संस्थेत होती. नागपूर स्टेशनबाहेर एक ओढली आणि ठरवलं, ही शेवटची. रात्र निभावली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं जड, कोणी काही विचारलं तरी चिडचिड, वाचलेलं पान परत वाचावं लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी लेखी परीक्षा झाली, जेवणं झाली आणि मला राहवेना. दोन वाजता सीनियर मुलं आम्हाला प्रयोगशाळा दाखवायला नेणार होती. मी गेटबाहेर पडले. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करायची नाही असा २००३ चा कायदा आहे आणि तिथे तो पाळला जात होता, म्हणून टपरी चांगली दहा मिनिटांवर. दोन ओढल्या आणि धावत परत आले, तोवर सगळे निघून गेले होते. ज्या सरांच्या प्रयोगशाळेसाठी मी अर्ज केला होता, ते स्वतः बाहेर येऊन बाकीच्यांशी पंधरा मिनिटं बोलले, हे मला संध्याकाळी चहाला कळलं.

खरं नुकसान पुढे झालं. चार वाजता मुलाखत. छोटी एसी खोली, दारं बंद, समोर तिघं. पहिलाच प्रश्न मायकेलिस-मेंटेनच्या समीकरणावर, म्हणजे विकरांच्या (एन्झाइमच्या) वेगाच्या मूलभूत सूत्रावर, जे मला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. एक मॅडम म्हणाल्या, "फळ्यावर करून दाखवा ना." फळा त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे. मी उठले आणि पहिला विचार आला तो वासाचा. यांच्या इतक्या जवळून कशी जाऊ? मी फळ्याच्या लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून बारीक अक्षरात लिहायला लागले, तोंड फळ्याकडे ठेवूनच बोलत राहिले. "जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही," असं त्यांना दोनदा म्हणावं लागलं. मांडणी मध्येच चुकली आणि ती सुधारायला मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलंही नाही. निवड झाली नाही. त्यांना वास आला की नाही, कोण जाणे. माझं अर्धं डोकं मात्र त्या वासातच अडकलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, तलफ आवरता येते. लपवण्यात जे लक्ष जातं ते आवरत नाही. तयारी करायची ती लपवायची गरजच पडणार नाही अशी.

आता तुमच्या तारखा बघा. निकोटिन शरीरातून लवकर जातं, साधारण दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे काही तासांतच अस्वस्थ वाटायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त होतो आणि मग तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. निघताना बंद केली की मुलाखत नेमकी त्या सगळ्यात वाईट दिवसावर येते. माझी तशीच आली. मुलाखतीला चार आठवडे किंवा जास्त असतील तर आजच सोडा, तुमच्याकडे वेळ आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. कमी दिवस असतील तर त्या दोन दिवसांपुरतं धुराशिवायचं निकोटिन घ्या, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा निकोटिनचा च्युइंगम. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सवय जास्त मुरलेली आहे असं धरतात, अशांना ४ मिलिग्रॅमचा लागू शकतो, पण तो डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयाचा काही त्रास असेल तरी आधी डॉक्टर.

या च्युइंगमच्या गोळीचं तंत्र न शिकल्यामुळे पुष्कळ जण ती दोन दिवसांत फेकून देतात. ती साध्या च्युइंगमसारखी चघळत बसायची नसते. हळूहळू आठ-दहा वेळा चावा, जिभेला मिरीसारखी चरचर जाणवली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं. चरचर गेली की परत थोडं चावायचं, जागा बदलून परत ठेवायची. साधारण अर्धा तास चालते. भराभर चावली तर सगळं निकोटिन लाळेतून पोटात जातं, मग उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ आहे तिथेच राहते. घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको, कारण आम्लामुळे शोषण घटतं. अशा ठिकाणी दर दीड तासाला कॉफीचे पेले समोर येतात, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. सिगारेटचं निकोटिन मेंदूत दहा-वीस सेकंदांत पोहोचतं, गोळीला चांगला वेळ लागतो. तेव्हा तलफ आल्यावर शोधू नका, वेळ ठरवून घ्या. मुलाखत चारला असेल तर सव्वातीनला तोंडात, पावणेचारला कागदात गुंडाळून टाकून द्या आणि चूळ भरा. आत जाताना तोंडात काहीही नको.

घरून निघायच्या आधी एका रविवारी रंगीत तालीम करा. मी दुसऱ्या मुलाखतीच्या आधी केली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकही सिगारेट नाही, फक्त गोळ्या, मुलाखतीचेच कपडे, आणि आतेबहिणीला समोर बसवून प्रश्न विचारायला लावले. ती धूम्रपान न करणारी, म्हणून तिलाच निवडलं, कारण ओढणाऱ्याला स्वतःचा वास येत नाही. अत्तर मारून वास झाकला जातो असं मला वाटायचं. तिने हातभर अंतरावरून सांगितलं, "केसांना येतोय गं, आणि ओढणीला. अत्तराने तर जास्तच कळतंय." आदल्या रात्री ओढलेली होती आणि सकाळी मी डोक्यावरून अंघोळ केली नव्हती. तेव्हापासून ठरलं, शेवटच्या सिगारेटनंतर डोक्यावरून अंघोळ, बोटांच्या बेचक्यांत साबण, आणि मुलाखतीचे कपडे धुऊन, इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. सिगारेटचं पाकीट त्या बॅगेत ठेवू नका, न ओढताही कपड्यांना वास लागतो. शक्य असेल तर पाकीट नागपुरातच राहू द्या.

तुमचे मित्र एक सल्ला हमखास देतील, म्हणून आधीच सांगते. "धुराचाच प्रश्न आहे ना, मग दोन दिवस खर्रा खा." मलाही मिळाला होता. कृपा करून हे करू नका. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटलेला तो गोळा तोंडाच्या कर्करोगाकडे नेतो. सुपारीमुळे तोंड उघडेनासं होतं, अशी पंचविशीची माणसं आपल्या विदर्भात घरोघर दिसतात. माझ्या शेजारच्या काकांना शेवटी शेवटी वरणसुद्धा नळीने द्यावं लागलं. दोन दिवसांच्या सोयीसाठी ही नवी सवय लावून घेऊ नका. ई-सिगारेटही नको, देशात तिच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे.

प्रवासाचं थोडक्यात. गाडीत ओढायला बंदी आहे, संडासातही. दंड फार नसला तरी आग लागण्याची भीती खरी असते आणि मुलाखतीला जाताना रेल्वे पोलिसांशी हुज्जत कशाला? विमानाने जाणार असाल तर लायटर आणि काडेपेटी तपासणीत काढून घेतात. तिथे खोली बहुधा दुसऱ्या उमेदवारासोबत वाटून घ्यावी लागेल, तिच्या न्हाणीघरातही ओढू नका. तो उद्या तुमचा सहकारी असू शकतो.

आणखी एक, जे मला जीवरसायनशास्त्र शिकूनही आधी सुचलं नव्हतं. सिगारेटच्या धुरातल्या टारमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर वाढलेलं असतं आणि तेच कॅफीनचा निचरा करतं. धूर बंद झाला की काही दिवसांत ते कमी होतं आणि पूर्वीइतकीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. हात थरथरतात, झोप येत नाही आणि माणूस दोष देतो सिगारेट सुटल्याला. आजपासून सोडणार असाल तर चहा-कॉफी साधारण निम्म्यावर आणा.

तिथली काही मुलं ओढणारी असतील आणि "चल बाहेर" म्हणतील. हा मोह मोठा असतो, कारण कोणते गाइड विद्यार्थ्यांना वेळ देतात, कोणाकडे सहा-सात वर्षं लागतात, हे खरं तिथेच कळतं. मी म्हणेन, जा, पण आधी गोळी घेऊन जा आणि हातात पाण्याची बाटली ठेवा. "आज नको, उद्या मुलाखत आहे" एवढं पुरतं, कोणी आग्रह करत नाही. तुम्ही ओढता का, हे मुलाखतीत कोणी विचारत नाही आणि तुम्हीही सांगायची गरज नाही. कोणी सहज विचारलंच तर खोटं बोलू नका, "कमी करतेय" किंवा "करतोय" म्हणा आणि पुढे चला.

दुसऱ्या मुलाखतीत माझी निवड झाली. सिगारेट त्यानंतर वर्षभराने सुटली, तीही तिसऱ्या प्रयत्नात, तेव्हा पहिल्यांदा नाही जमलं तर स्वतःला कोसू नका. सोडायचं ठरवलंत तर १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर फोन करा. पैसे लागत नाहीत, समुपदेशक बोलतात आणि ठरलेल्या दिवसांनी स्वतः परत फोन करून विचारतात. गोळ्या मात्र धंतोलीतल्या किंवा सीताबर्डीतल्या औषधाच्या दुकानातून याच आठवड्यात घेऊन ठेवा, कारण प्रत्येक दुकानात त्या नसतात आणि अनोळखी शहरात सकाळी आठ वाजता त्या शोधत फिरायची वेळ यायला नको.