केजीडीबीच्या डॉक्युमेंटेशनमधला एका शब्दाचा पॅच आला तर त्यात रिव्ह्यू करायचं तरी काय?

तुम्ही विचारलंय की टीममधली नवीन मुलं लिनक्सच्या कर्नल डीबगरच्या पानावर, म्हणजे केजीडीबी (दुसऱ्या मशीनवरून जीडीबी हा डीबगर जोडून कर्नल तपासायचा) आणि केडीबीच्या (त्याच मशीनच्या कन्सोलवर कमांड टाइप करून तपासायचा), बारीकसारीक दुरुस्त्या करतायत, कुठे स्पेलिंग, कुठे एखादी कमांड, आणि बाहेर पाठवायच्या आधी तुमच्याकडे आणून देतायत, तर एका शब्दाच्या पॅचमधे बघण्यासारखं असतं काय, एलजीटीएम ('ठीक दिसतंय') टाकून मोकळं व्हावं का.

मी एम्बेडेड बोर्डांवर काम करतो, केजीडीबी रोजच्या वापरातला, आणि असे पॅच माझ्याकडेही येत असतात. माझ्या मते सगळं यावर आहे की पॅचने नेमक्या कुठल्या शब्दाला हात लावलाय. साध्या इंग्रजी वाक्यातला शब्द असेल, "द द" दोनदा झालंय वगैरे, तर वाचा, पुढे ढकला, चहा प्या. पण माणसाला तो शब्द मशीनवर टाइप करायचा असेल तर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका, कारण हे पान कोणी निवांत बसून वाचत नाही, वाचणाऱ्याचा बोर्ड अडकलेला असतो, एका खिडकीत सीरियल कन्सोल (बोर्डाच्या सीरियल तारेवरचं टर्मिनल), दुसरीत जीडीबी, आणि तो पानावरची ओळ जशीच्या तशी कॉपी करणार असतो.

आणि या पानाची गंमत अशी की चुकीचे वाटणारे शब्द बरोबर असतात. सगळ्यात आधी 'केबीडी'. पानावर केजीडीबीओसी या, कर्नल सुरू होताना त्याला द्यायच्या, पॅरामीटरचं एक उदाहरण आहे, बरोबरच्या चिन्हापुढे केबीडी, मग स्वल्पविराम, मग सीरियल पोर्ट. आता आख्ख्या पानभर केडीबी केडीबी वाचून आलेल्या मुलाला वाटतं की इथे अक्षरं उलटी पडली, तो केबीडीचं केडीबी करतो, कमिट मेसेज लिहितो 'टायपो दुरुस्त', आणि वरवर बघणाऱ्यालाही ते पटतं. पण तिथे केबीडी म्हणजे कीबोर्ड! डीबगरला इनपुट कीबोर्डवरून पण घे आणि सीरियलवरून पण घे असं सांगायचंय. केडीबी लिहिलंत तर कर्नल त्या नावाचा सीरियल पोर्ट शोधायला जातो, असा पोर्ट नसतोच, आणि डीबगर जोडलाच जात नाही.

तसंच केजीडीबीओसी आणि केजीडीबीकॉन. ही एकाच गोष्टीची दोन स्पेलिंग नाहीत, दोन वेगळे पॅरामीटर आहेत. पहिला सांगतो डीबगर कुठल्या कन्सोलवरून बोलणार, दुसरा कर्नलचे प्रिंटके (म्हणजे लॉगचे) मेसेज जीडीबीच्या खिडकीत आणतो. आणि जो टीटीवाय (टर्मिनलचा पोर्ट) आधीच सिस्टिमचा चालू कन्सोल आहे त्यावर हे दोन्ही एकत्र लावता येत नाहीत, त्यासाठी पानावर मुद्दाम चुकीच्या वापराचं एक उदाहरण दिलंय, 'असं करू नका' म्हणून. कोणीतरी कधीतरी तेच उदाहरण 'दुरुस्त' करून आणणार, तेव्हा पॅचमधे दिसणाऱ्या तीन ओळींवर जाऊ नका, फाइल उघडून वरचा परिच्छेद वाचा.

माझं आवडतं म्हणाल तर $३#३३. केजीडीबीत असताना हातानेच केडीबीकडे यायचं असेल तर टर्मिनलवर ही पाच अक्षरं टाइप करायची असं पानावर लिहिलंय. बघणाऱ्याला वाटतं एडिटरमधे काहीतरी सांडलंय. पण हे जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलचं पूर्ण पॅकेट आहे, डॉलरपासून पॅकेट सुरू, मधला ३ हा मजकूर, हॅश झाला की दोन आकडी हेक्स चेकसम, आणि चेकसम म्हणजे मजकुरातल्या बाइटची बेरीज, २५६ च्या वर गेली तर उरलेली. ३ या अक्षराचा आस्की कोड हेक्समधे ३३, एकच अक्षर, म्हणून बेरीजही ३३. यातला एक आकडा जरी कोणी नीटनेटका केला तर कर्नल वजाचं चिन्ह पाठवून पॅकेट नाकारतो आणि समोरच्याला कळत नाही आपलं काय चुकलं. हा हिशोब मुलाला एकदा कागदावर करून दाखवा, तो परत त्या ओळीला हात लावणार नाही.

पण म्हणून प्रत्येक कमांडची दुरुस्ती संशयाने बघू नका, खऱ्या चुका भरपूर आहेत कारण मजकूर जुना आहे. केजीडीबी मेनलाइनमधे, म्हणजे मुख्य कर्नलमधे, आलं २००८ साली, २.६.२६ मधे, आणि त्याच वर्षी मार्चमधे जेसन वेसेलने हे पान पूर्ण नव्याने लिहिलं, मग जानेवारी २०१० मधे त्यात केडीबीची भर घातली, केडीबी २.६.३५ मधे आलं. (२००८ च्या आधी केजीडीबी वेगळा पॅच म्हणून कर्नलबाहेर फिरत होतं, पानाच्या शेवटच्या श्रेयांत पहिलं नाव अमित काळे यांचं आहे ते त्याच काळातलं.) एवढ्या वर्षांत भोवतालच्या गोष्टी बदलल्या. जीडीबीत सीरियलचा वेग ठरवायला पूर्वी 'सेट रिमोटबॉड' होतं, आता 'सेट सीरियल बॉड' आहे, ही दुरुस्ती एका ओळीची असली तरी सोन्यासारखी. फाइलही हलली, आधी डेव्ह-टूल्समधे होती, आता प्रोसेसच्या आत डीबगिंगमधे, त्यामुळे जुन्या झाडावर (सोर्स ट्रीवर) बनवलेला पॅच लागत नसेल तर पहिलं ते बघा.

आता चालवून बघायचं कसं, कारण सगळ्यांकडे टेबलावर बोर्ड नसतो. क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) पुरतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, क्यूईएमयूला डॅश एस देऊन जीडीबी जोडलात तर तुम्ही केजीडीबी तपासतच नाही आहात. तो क्यूईएमयूचा स्वतःचा स्टब (जीडीबीला उत्तरं देणारा तुकडा) आहे, आतल्या कर्नलला पत्ताही नसतो, त्यामुळे केजीडीबीचा पॅरामीटर चुकीचा असला तरी सगळं छान चालतं आणि मुलगा सांगतो 'टेस्ट केलं सर'. त्याला विचारा कसं केलं. नीट करायचं तर दोन सीरियल पोर्ट द्या, पहिला टर्मिनलवर कन्सोल म्हणून, दुसरा टीसीपी पोर्टवर, आणि कर्नलला केजीडीबीओसीमधे टीटीवायएस१ (म्हणजे दुसरा, मोजणी शून्यापासून) सांगा. सोबत नोकेएएसएलआर लावा, नाहीतर कर्नल भलत्याच पत्त्यावर लोड होतो आणि व्हीएमलिनक्स या कर्नलच्या फाइलमधली, जी जीडीबीला देतो, नावं जुळत नाहीत. मग आत रूट होऊन प्रॉक-सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमधे 'जी' हे अक्षर लिहायचं, मशीन थांबतं, बाहेरून जीडीबीत टार्गेट रिमोट. इथे बरेच जण सुडो एको जी करून पुढे बाण (>) लावतात आणि परमिशन डिनाइड बघत बसतात, बाणापुढची फाइल तुमचा साधा शेल उघडतो, सुडोचा अधिकार त्याला लागत नाही. अशी ओळ कोणी डॉक्युमेंटमधे घालत असेल तर तिथेच अडवा.

केजीडीबीवेटची, म्हणजे डीबगर जोडेपर्यंत कर्नलला थांबवणाऱ्या पॅरामीटरची, जागा पण बघा. तो केजीडीबीओसीच्या नंतरच यायला पाहिजे, आधी आला तर कर्नल थांबायला जातो आणि कोणाशी बोलायचं ते ठरलेलंच नसतं. वाक्य 'वाचायला बरं' करताना कोणी पॅरामीटरचा क्रम फिरवला असेल तर डिफमधे (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) ते पटकन दिसत नाही, शब्दांचा डिफ लावून बघितलं की दिसतं.

फॉरमॅटिंगचं फार नाही, एकच, परिच्छेदाच्या शेवटी दोन कोलन असतील तर त्यातला एक जास्तीचा नाहीये. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमधे (ज्यात हे पान लिहिलंय) त्या दोन कोलननेच खालचा कोड ब्लॉक बनतो, एक काढला की कमांड साध्या वाक्यासारखी वाहून जाते. एचटीएमएल बिल्ड करून ते पान ब्राउझरमधे उघडून बघा, आख्खं झाड बिल्ड करायची गरज नाही, स्फिंक्सडर्स या बिल्डच्या पर्यायात तेवढाच फोल्डर द्या.

आणि तीच चूक दुसरीकडे आहे का ते ग्रेप करा (सगळ्या फाइलींत शोधा). केजीडीबीओसीची माहिती कर्नल-पॅरामीटर्सच्या मोठ्या यादीत पण आहे, केजीडीबीबद्दलचा मजकूर लिबमधल्या केकॉन्फिग डॉट केजीडीबीच्या हेल्पमधे पण आहे. एका ठिकाणी सुधारलं आणि दोन ठिकाणी तसंच राहिलं तर पुढच्या वाचणाऱ्याचा गोंधळ वाढतो. मात्र मुलाला आख्खं पान नव्याने लिहायला सांगू नका, एका शब्दाचा पॅच घेऊन आलेला माणूस तिथेच पळून जातो, त्याच फाइलमधल्या बाकीच्या टायपो एकत्र करून आण एवढं म्हणणं ठीक आहे.

रिव्ह्यूड-बाय (पॅचखालचा 'मी तपासलं' असा टॅग) द्यायला तुम्ही मेंटेनर (त्या कोडचे जबाबदार) असायची गरज नाही, ज्याने खरंच बघितलं तो कोणीही देऊ शकतो. वर म्हटलं तसं क्यूईएमयूवर चालवलं असेल तर टेस्टेड-बाय द्या आणि काय चालवलं ते एका ओळीत लिहा, मेंटेनरला ती ओळ टॅगपेक्षा उपयोगी पडते. स्टेबलचा टॅग (आधीच्या आवृत्त्यांतही हा पॅच घ्या असं सांगणारा) कोणी उत्साहात लावला असेल तर काढायला लावा, नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या स्टेबल झाडात घेत नाहीत, नियमातच आहे. डॉक्युमेंट एक म्हणतंय आणि कोड दुसरंच, असं निघालं तर लगेच डॉक्युमेंट बदलायला सांगू नका, आधी त्या कोडच्या ओळीचा गिट ब्लेम (ती ओळ कोणी, कधी बदलली ते) काढा, कधीकधी डॉक्युमेंट बरोबर असतं आणि तुमच्या हाती बग लागलेला असतो, मग तो पॅच वेगळा.